तो ट्रॅक्टर मी पाहिलाच नव्हता : आमच्या गावच्या तंटामुक्त समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य, तंटामुक्त गाव समिती,
सरपंच, पोलीस पाटील,
आणि मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी बसणारे सगळेच,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, व्हॉट्सॲपच्या गटात टाका, मंदिरात वाचा. फक्त कपाटात ठेवू नका. जे मी गावासमोर बोललो ते मागे घ्यायचं आहे, तेव्हा तेही गावासमोरच व्हावं.

गेल्या वैशाखात समितीपुढे धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचा, वाद आला होता. दोन्ही कास्तकार आपल्याच गावचे, दोघांचीही पोरं माझ्या हाताखालून गेलेली. नावं लिहीत नाही. एकाला पूर्वेचा म्हणू, दुसऱ्याला पश्चिमेचा. पूर्वेच्याचं म्हणणं असं की पश्चिमेच्यानं चौदा-पंधरा वर्षांमागं धुरा कोरला आणि त्या जागेत संत्र्याची ओळ लावली. पश्चिमेचा म्हणे, धुरा आहे तिथंच आहे. मोजणी दोघांकडेही नव्हती. मग तुम्ही पारावर आम्हा नऊ जुन्या माणसांना एका ओळीत बसवलं. सगळ्यात म्हाताऱ्या बुढ्यानं सुरुवात केली, आणि तो असा ठणकावून बोलला की पुढच्या दोघांनी "हाव, तसंच" एवढंच म्हटलं. चौथा मी.

अध्यक्षांनी विचारलं, "गुरुजी, धुरा कोरला तवा निंब कोनच्या अंगाले होता?"

मी म्हणालो, "डोळ्यानं पाहिलं आहे. निंब वादळात पडला त्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री दिवे लावून ट्रॅक्टर चालला होता, लाल. निंब पूर्वेच्या अंगाला आडवा, आणि फाळ त्याच्या बुंध्याला येऊन भिडलेला."

"बस!" अध्यक्ष म्हणाले. "गुरुजी बोलले, आता काय राह्यलं?"

खरंच काही राहिलं नाही. पश्चिमेच्याच्या घरी लेकीचं लग्न तोंडावर होतं, त्यानं समझोत्यावर सही केली. आठ दिवसांत एका ओळीतली सतरा झाडं गेली. बारा वर्षांची झाडं, आंबिया बहार धरलेला, सुपारीएवढी फळं. मी त्या बाजूनं जात होतो तेव्हा करवतीचा आवाज ऐकला आणि मनात म्हणालो, न्याय झाला.

दिवाळीनंतर पश्चिमेच्याच्या मुलानं पैसे भरून मोजणी आणली. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आली ती सगळ्यांनी पाहिलीच आहे. धुरा जागेवरच होता. झाडं त्यांच्याच गटात होती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगतो. मोजणी चुकली असेल, हेच आलं. दोन दिवस मी घरात धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "तुमी तं तवा धारणीले होते ना?"

निंब पडला ते साल पक्कं आहे. पूर्वेच्यानं खोड आरामशीनवर दिलं त्याची पावती जून २०१० ची आहे. आणि मे-जून २०१० मध्ये आम्ही सगळे मास्तर जनगणनेच्या घरयादीला जुंपलेले होतो. माझी नेमणूक मेळघाटात, धारणीला. ट्रंकेतून त्या वर्षीची खिशातली डायरी काढली. १ मे पासून १५ जूनपर्यंत रोजची नोंद : कोणता ढाणा (वस्ती), किती घरं, कुठं मुक्काम. गावी आल्याची एक ओळ नाही. ज्या रात्री मी धुऱ्यावर लाल ट्रॅक्टर पाहिला, त्या रात्री मी इथून शे-सव्वाशे किलोमीटर लांब कोरकू वस्तीत बाजेवर झोपलो होतो.

मग मी खोटं बोललो का? खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. मला ते नव्हतं. आजही डोळे मिटले की तो ट्रॅक्टर दिसतो. डायरी समोर उघडी ठेवून बसलो तरी दिसतो. हे असं कसं होतं, याचा मी तेव्हापासून पिच्छा पुरवला. नातवाकडून मोबाईलवर वाचून घेतलं, अमरावतीच्या ग्रंथालयात दोनदा जाऊन बसलो. जे कळलं त्यातलं बरंचसं तुमच्या कामाचं आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी अध्यक्षांच्या प्रश्नाबद्दल. राग मानू नका. "धुरा कोरला तवा" असं तुम्ही म्हणालात. धुरा कोरला की नाही हाच तर वाद होता! प्रश्नातच निकाल लागला, आम्हाला फक्त निंबाची बाजू सांगायची उरली. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी १९७४ साली यावर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, गाड्या किती वेगात होत्या? काहींना विचारताना "एकमेकींना लागल्या" अशा अर्थाचं क्रियापद वापरलं, काहींना "एकमेकींवर आदळून चुराडा झाला" अशा धाटणीचं. फिती त्याच. पण लागल्या म्हटलं त्यांनी सरासरी ताशी ३१.८ मैल सांगितले, आदळल्या म्हटलं त्यांनी ४०.५. दुसऱ्या खेपेला १५० विद्यार्थी घेतले आणि आठवड्यानं त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी "आदळल्या" ऐकलेल्या पन्नासातल्या १६ जणांना काच दिसली होती. साधं "धडकल्या" ऐकलेल्या पन्नासात असे सात निघाले, आणि वेगाचं काहीच न विचारलेल्या पन्नासात सहा.

आपल्याकडे ते क्रियापद म्हणजे "कोरला". "सरकला" म्हटलं असतं तर कोणी हातभर सांगितलं असतं, कोणी दीड हात. "कोरला" म्हटल्यावर आमच्यातला कोणीही चार हाताच्या खाली आला नाही. आणि माझी फुटलेली काच म्हणजे तो लाल ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर मात्र एका प्रश्नानं आला नसावा. तो आधीच आत येऊन बसला होता. मी २०११ च्या उन्हाळ्यात बदली होऊन परत आलो, तेव्हा पारावर ही गोष्ट शिजत होती. कोणी म्हणे रात्री काम केलं, कोणी म्हणे दिवे दिसत होते. मी ऐकली, चार जणांना सांगितली, सांगताना थोडी सजवली. मास्तराला गोष्ट रंगवून सांगायची खोडच असते. रात्र म्हटली की दिवे आले, दिवे म्हटले की ट्रॅक्टरला रंग आला. गावात तेव्हा होते ते सगळे लालच. दहा वर्षांत कधीतरी "म्हणतात की" हे दोन शब्द गळून पडले आणि उरलं ते "मी पाहिलं". ज्याच्याकडून ऐकलं तो माणूस विसरला जातो, ऐकलेलं चित्र मात्र राहतं.

हे तरण्या, शिकल्यासवरल्या माणसांचंही होतं. त्याच लॉफ्टसबाईंनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या घरच्यांच्या नावानं लहानपणीचे चार प्रसंग सांगितले. तीन खरे, एक खोटा : पाचेक वर्षांचा असताना तू मोठ्या बाजारसंकुलात हरवला होतास. चोविसातल्या जवळपास चौथाईला तो न घडलेला प्रसंग थोडाफार किंवा सगळाच "आठवला". आपल्याकडे एखाद्याला "तू बहिरमच्या जत्रेत हरवला होता" असं मावशीनं दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा तो स्वतःच हंड्यातल्या मटणाचा वास सांगेल.

मी ३१ वर्षं पोरांची आठवण पक्की करण्याचा पगार घेतला. त्यामुळं मला या गोष्टीचा दुहेरी धक्का बसला. पाठांतर पक्कं कसं होतं? आम्हा जुन्या मास्तरांना हे अनुभवानं ठाऊक होतं, आणि २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी ते नीट मोजून दाखवलं. एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून, कागद मिटून, आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं पाहिलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले होते. पुस्तक मिटा आणि सांगा. मी वर्गात हेच करत आलो. पाढे, औटकी, कविता, सगळं तोंडातून काढून घ्यायचं. काढलं की रुजतं.

आता पाराकडे बघा. पारावर आपण रोज संध्याकाळी हेच करतो. गोष्ट तोंडातून काढतो, पुन्हा काढतो, आणखी एकदा काढतो. ती रुजते. फरक एवढाच की वर्गात पोरगं सात आठे चोपन्न म्हणालं तर मी पाढ्यांचं पुस्तक उघडतो. पारावर उघडायला पुस्तक नाही. तिथं सात आठे चोपन्न वीस वर्षं घोकलं जातं आणि छप्पनइतकंच पक्कं होतं, कदाचित जास्तच. ज्या रीतीनं खरी आठवण बळकट होते त्याच रीतीनं चुकलेलीही होते, आणि आतून दोन्ही अगदी सारख्या लागतात. हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही सतरा झाडं गेल्यावर.

आई सणावाराला ओसरी सारवायची. ओली असेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, हा दंडक. ठेवलाच तर पुढच्या सारवणापर्यंत तो ठसा तिथंच. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि त्याच्या सोबत्यांनी उंदरांवर जे दाखवलं, ते वाचताना मला ती ओसरी आठवली. एक आवाज आणि त्यासोबत विजेचा झटका, असं केल्यावर उंदीर पुढं नुसत्या आवाजानंही थिजायला लागले. भीती पक्की झाली. मग तो आवाज पुन्हा ऐकवून, म्हणजे आठवण जागी करून, लगेच मेंदूच्या त्या भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. पक्की झालेली भीती गेली. आठवण जागी न करता तेच औषध टोचलं तेव्हा मात्र भीती तशीच राहिली. म्हणजे बाहेर काढलेली आठवण थोडा वेळ ओली होते, तिला पुन्हा सुकावं लागतं. उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही, मान्य. पण आमच्या ओल्या ओसरीवर त्या दिवशी पारावरची नऊ माणसं चालून गेली, एवढं मला दिसतं.

नऊ जणांना एकत्र बसवण्याबद्दलही बोलायला हवं. आपल्याला वाटतं, नऊ जण एकच सांगतात म्हणजे नऊ पुरावे. तो एकच पुरावा नऊ वेळा होता. २००३ मध्ये स्कॉटलंडात फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाच घटनेची चित्रफीत, पण दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली, म्हणजे काही गोष्टी एकाला दिसणार, काही दुसऱ्याला. जोडीला आपसात बोलू दिलं आणि मग प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घेतलं. बोललेल्यांपैकी १०० तल्या ७१ जणांनी स्वतःला न दिसलेली, जोडीदाराकडून कळलेली गोष्ट आपल्या साक्षीत घातली. तिथं तर एकमेकांचा मान राखायचा प्रश्नही नव्हता. इथं पहिला बोलणारा बुढा, त्याच्यासमोर मान कोण हलवणार नाही? आणि मी "पाहिलं" म्हणाल्यावर माझ्यानंतरच्या पाच जणांना गुरुजी खोटे कसे पाडता येणार होते?

"बस! गुरुजी बोलले," हे अध्यक्षांचं वाक्य त्याहून महाग पडलं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये लोकांना एका बंदूकधारी गुन्हेगाराची चित्रफीत दाखवली, मग काही फोटो दाखवून ओळखायला लावलं. फोटोंत तो गुन्हेगार नव्हताच. ज्यानं कोणी बोट ठेवलं तो चुकलाच. त्यातल्या काहींना नुसतं म्हटलं, "छान, बरोबर ओळखलं." तेवढ्यानं ते पुढं सांगू लागले की आम्हाला आधीपासूनच खात्री होती, चेहरा स्वच्छ दिसला होता, लक्ष देऊन पाहिला होता. शाबासकीनं मागची नजर चांगली झाली! पार उतरून घरी जाताना माझी छाती दोन बोटं फुगलेली होती. त्या रात्री मला निंबाची पानंसुद्धा दिसली.

यावर पारावरून काय म्हणणं येईल ते मला इथूनच ऐकू येतं. "गुरुजी, मंग बुढ्या मानसाच्या आठवनीले काईच किंमत नाई का?" आहे, फार आहे. आईला जात्यावरच्या ओव्या किती यायच्या ते मोजायलाच बसलो नाही कधी. आपल्या भजनी मंडळातला एक जण सही करू शकत नाही आणि रात्रभर अभंग म्हणतो, शब्द चुकत नाही. पोळ्याला आखरावर झडत्या रंगतात तेव्हा आजोबाची झडती नातू जशीच्या तशी म्हणतो. पण त्या आठवणीला राखणदार असतात. यमक असतं, ताल असतो, मृदंग असतो. अभंगातला एक शब्द बदला, चरण लंगडतो आणि शेजारचा टाळकरी वळून बघतो. वैदिकांनी तर यासाठी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी शब्द सुटे करून आणि उलटसुलट गुंफून म्हणायची रीत बसवली, एक अक्षर सरकलं तरी विण उसवावी म्हणून. धुऱ्याच्या गोष्टीला यमक नाही. चार हाताचे पाच हात झाले तर कुठंच ताल तुटत नाही.

आठवणीत भावना भरली की ती टिकते, हेही खरं. पण टिकते म्हणजे बरोबरच राहते असं नाही. ३० जुलै १९९१, मंगळवार. वर्धा नदीनं मोवाड बुडवलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. आपल्या भागात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो त्या दिवशी कुठं होता ते सांगेल. मी एकदा गंमत म्हणून मोजलं. भाकरी घेऊन आपल्या गावातून जो पहिला ट्रक गेला, त्यात "मी होतो" म्हणणारी माणसं इतकी निघाली की ट्रकाऐवजी मालगाडी लागली असती. कोणी बढाई मारत नाही. कोणी दुसऱ्या दिवशी गेला, कोणाचा भाऊ गेला, कोणी भाकरी बांधून दिल्या. अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर यान हवेत फुटलं, तेव्हा उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांचं उत्तर पार बदललेलं, खात्री मात्र पुरेपूर. स्वतःच्या हातचा जुना कागद समोर ठेवल्यावरही ती पहिली आठवण परत आली नाही. मोजणीची 'क' प्रत पाहून मी दोन दिवस धुसफुसत होतो, ते उगीच नव्हतं म्हणायचं.

या सगळ्यावर उपाय शोधायला मी उगाच सातासमुद्रापलीकडं गेलो. तो आपल्याच तालुक्यात होता. रिद्धपूरला आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला नागदेवाचार्यांभोवती आठवणी काढत राहिले. म्हाइंभटानं त्या गोळा करायचं मनावर घेतलं. त्यानं काय केलं? सगळ्यांना एका पारावर बसवून ठराव केला नाही. जो प्रसंगी हजर होता त्याच्याकडे गेला, त्याच्याकडून ऐकलं, लिहिलं. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. पुढं खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली गेली, आणि अर्थात एकाची आठवण दुसऱ्याशी तंतोतंत जुळेना. हिराइसेचा पाठ एक, परशरामबासांचा दुसरा. महानुभावांनी या वेगवेगळ्या आठवणींना शब्द दिला "वासना". अमक्याची वासना अशी, तमक्याची वासना अशी. ज्या माणसाला ते देव मानत होते, त्याच्याबद्दलच्या आठवणीतसुद्धा त्यांनी फरक पुसून एकच गुळगुळीत गोष्ट केली नाही. फरक नावानिशी ठेवले. सातशे वर्षांपूर्वी, आपल्या शिवेला लागून!

तर समितीकडे माझं मागणं वासनेचं आहे. वाद आला की त्याच दिवशी, पारावर चर्चा व्हायच्या आधी, एकेका जाणत्याला वेगळं गाठा. त्याच दिवशी म्हणतो, कारण विसरणं पहिल्याच दिवसात सगळ्यात जास्त होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरं स्वतःच घोकून आणि विसरून हे मोजलं होतं. जुन्या गोष्टीत तो दिवस केव्हाच निघून गेलेला असतो हे खरं, पण नवी भेसळ तरी थांबवता येते. आणि ज्यांचा वाद आज उकरलेला नाही, त्यांनीसुद्धा धुऱ्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवायला काय हरकत आहे? फोनमध्ये लग्नाचे चारशे असतात.

पारावर नका विचारू, वावरात नेऊन विचारा. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना पाण्याखाली शब्द पाठ करायला लावले. ते शब्द त्यांना काठावर येऊन आठवले त्याहून पाण्याखालीच जास्त आठवले. जागा आठवण ओढून आणते. मी धुऱ्यावर उभा असतो तर कदाचित तिथंच अडखळलो असतो, कारण पडलेला निंब मला पूर्वेला ठेवायचा होता आणि बुंध्याचा खड्डा अजून पश्चिमेला दिसतो. (हे मला मोजणीनंतर दिसलं.)

प्रश्न एकच : "तुम्हाला या धुऱ्याबद्दल काय माहीत आहे?" मग गप्प बसा. आपल्याकडे गप्प बसणं सगळ्यात अवघड, पण बसा. कोर्टात आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणाऱ्या सूचक प्रश्नाला समोरचा वकील हरकत घेतो. पारावर वकील नसतो, म्हणून तुम्हीच ती हरकत घ्यायची. तो बोलेल ते त्याच्याच बोलीत उतरवा, आणि प्रत्येक वाक्यापुढं विचारून लिहा : पाहिलं की ऐकलं? ऐकलं तर कोणाकडून? "याद नाई" असं कोणी म्हणाला तर तेही लिहा आणि त्याला चहा पाजा. गेल्या वेळी "याद नाई" म्हणणारा एकच होता, आपला जुना कोतवाल, आणि त्याला सगळे हसले. नवातला तो एकटा बरोबर होता.

शेवटी दोन वासना जुळल्या नाहीत तर जुळवू नका. मोजणीचा अर्ज करा म्हणून सांगा, फी गावानं वर्गणी करून भरली तरी सतरा झाडांपेक्षा स्वस्त पडेल. २००७ साली ही तंटामुक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा आपल्या गावानं फार हौसेनं भाग घेतला होता, फलक अजून फाट्यावर आहे. तंटा मिटल्याचा आकडा वर पाठवायची घाई तेव्हापासून आपल्या अंगात मुरली आहे, हे माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या.

पश्चिमेच्याच्या घरी मी जाऊन आलो. काय बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मृगात सतरा कलमं घेऊन जाणार आहे, त्यानं "बघू" म्हटलं आहे. पूर्वेच्याबद्दल गावात वाईट बोललं जातंय ते थांबवा. तोही तीच पारावरची गोष्ट ऐकत मोठा झाला, त्यालाही ती खरीच वाटत होती.

समितीच्या दप्तरात माझी जबानी दुरुस्त करून घ्यावी, ती अशी : "ट्रॅक्टर मी पाहिला नाही. ऐकला. कोणाकडून ऐकला ते आठवत नाही. निंब पडला तेव्हा मी गावात नव्हतो. डायरी सोबत जोडली आहे."

येत्या अमावास्येनंतर पांदणीचा वाद तुमच्यापुढं येतो आहे आणि साक्षीदारांत माझं नाव आहे, असं कळलं. येईन. आधी पांदणीवर जाऊ, आणि मला एकट्याला न्या.

हे पत्र काल रात्री घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "तुमी धारणीले होते हे म्या नाई सांगतलं. तुमच्या बहिणीनं सांगतलं. मी तं त्या दिवशी वरुडले होती." बहिणीला फोन लावला. ती म्हणते, वहिनीनंच सांगितलं, मी तेव्हा आलेच नव्हते. मला भाकरी थापणारे हात स्पष्ट दिसतात, पण कोणाचे ते आता सांगत नाही. दोघींच्या वासना तारखेसकट वेगवेगळ्या लिहून ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त गुरुजी
तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती